तारीख आधी, पिक्चर मागे : ‘इव्हेंट होरायझन’ का पडला?

भुसावळच्या वितरकांच्या बोलण्यात पिक्चरचे दोनच प्रकार असतात. चालला, नाहीतर पडला. रेल्वे जंक्शन असल्यामुळे रिळांच्या पेट्या इथून चहूकडे सुटायच्या, म्हणून ही पेठ इथे वसली. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन या वितरकांच्या संघटनेचा पत्ताही याच गावातला. इथे निकाल लावतो तो सोमवारचा डीसीआर, म्हणजे डेली कलेक्शन रिपोर्ट. शुक्रवार ते रविवारचा आकडा पोस्टर, हिरो, सुट्टी, पाऊस अशा कशावरही फुगतो नाहीतर बसतो. सोमवारच्या मॅटिनीला मात्र तोच माणूस तिकीट काढतो, ज्याला कुणीतरी ‘जा, बघ’ असं सांगितलेलं असतं.

‘इव्हेंट होरायझन’ हा १९९७ चा हॉलिवूडचा विज्ञान-भयपट या कसोटीवर घासून बघण्यासारखा आहे. त्याच्या अपयशाची कारणं सांगताना बरेचदा ‘फार रक्तपात’, ‘लोकांना कळला नाही’, ‘काळाच्या पुढचा’ अशी ठोकळ उत्तरं दिली जातात. आमच्या मते तो पडला वेळापत्रकामुळे, आणि बाकीची कारणं त्याच्या मागून आली. धुळे, जळगाव, अमळनेर, चाळीसगाव आणि शेजारच्या मालेगावकडे आज अहिराणीतून फिल्मा आणि मालिका काढणारे पुष्कळ आहेत. विनोदी करून झाल्यावर त्यातले काही भुताच्या गोष्टींकडे वळतायत. त्यांच्या हातून होणारी चूक हीच आहे, फक्त आकड्यातली शून्यं कमी.

आधी हिशेब

निर्मितीचा खर्च सुमारे ६ कोटी डॉलर. अमेरिकेत प्रदर्शन १५ ऑगस्ट १९९७, दोन हजारांहून जास्त थिएटरांत. पहिल्या तीन दिवसांचा गल्ला सुमारे ९५ लाख डॉलर आणि त्या आठवड्यात चौथा क्रमांक. अमेरिकेतली शेवटची बेरीज सुमारे २ कोटी ६७ लाख, सगळ्या जगाची मिळून सुमारे ४ कोटी २० लाख.

यावर ‘साठ गेले, बेचाळीस आले, अठराचा तोटा’ असा, आकडे दशलक्ष डॉलरमध्ये धरून, हिशेब मांडलेला दिसतो. पेठेतला नवशिका पोरगाही तो मान्य करणार नाही. बेचाळीस हा तिकीटखिडकीचा गल्ला आहे. त्यातला थिएटरवाल्याचा वाटा गेल्यावर उरतो तो शेअर. तिकडे पहिल्या आठवड्यांत स्टुडिओचा वाटा मोठा असतो आणि पुढे तो उतरत जातो. सगळं धरून सरासरी निम्मा, परदेशात त्याहून कमी. म्हणजे स्टुडिओच्या हातात पडले फार तर दोन कोटी डॉलर. खर्चाच्या बाजूला सहा कोटींवर प्रिंट आणि पब्लिसिटी चढते. त्या काळी मोठ्या स्टुडिओच्या एका चित्रपटामागे त्यासाठी सरासरी दोन कोटी डॉलरच्या वर जात. आठ लावून दोन परत. थिएटरच्या धंद्यात रुपयाचे चार आणे वसूल. टीव्ही आणि व्हिडिओचे पैसे पुढे आले असतील, पण पडला हे ठरायला एवढं पुरे.

आता सोमवारची कसोटी. एकूण कमाईला पहिल्या तीन दिवसांच्या गल्ल्याने भागायचं, म्हणजे पिक्चर किती पटीत टिकला ते निघतं. त्याच उन्हाळ्यातल्या ‘एअर फोर्स वन’ने अमेरिकेत ३ कोटी ७१ लाखांवर सुरुवात करून १७ कोटींच्या वर मजल मारली, म्हणजे साडेचार पटीहून जास्त. ‘मेन इन ब्लॅक’ जवळजवळ पाच पट. ‘इव्हेंट होरायझन’ २.८ पट. सुरुवातच कमी आणि त्यावर टिकाव नाही. सुरुवात कमी असली तर दोष जाहिरातीकडे किंवा तारखेकडे जातो, टिकाव नसला तर पिक्चरकडे. इथे दोन्ही आहे, आणि दोन्हीचं मूळ एकच आहे.

गोष्ट थोडक्यात

२०४० मध्ये नेपच्यूनपलीकडे नाहीसं झालेलं ‘इव्हेंट होरायझन’ नावाचं यान २०४७ मध्ये परत दिसतं. शोधासाठी ‘लुईस अँड क्लार्क’ हे बचावयान जातं. कॅप्टन मिलर म्हणजे लॉरेन्स फिशबर्न आणि हरवलेलं यान बांधणारा डॉ. वेअर म्हणजे सॅम नील. यानाच्या पोटात अवकाशाची घडी घालून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी एका क्षणात नेणारं यंत्र आहे. वेअर ते चित्राच्या कागदाची घडी घालून आरपार पेन्सिल खुपसून समजावतो. त्या घडीतून यान जिथे जाऊन आलं, ती जागा नरकासारखी आहे आणि येताना तिथलं काहीतरी सोबत आलंय.

विज्ञानाचा मुलामा काढला तर ही पडक्या वाड्याची गोष्ट आहे. वाडा अवकाशात आहे आणि पळून जायला गावच नाही, एवढाच फरक. दिग्दर्शक पॉल अँडरसनच्या मंडळींनी यानाचा आराखडा पॅरिसच्या नोत्र दाम चर्चच्या रचनेवरून घेतला, तो याच जाणिवेतून. सेट इंग्लंडमधल्या पाइनवुड स्टुडिओत उभे राहिले, छायाचित्रण एड्रियन बिडलचं, संगीत मायकेल केमनचं आणि सोबत ‘ऑर्बिटल’ या जोडीचं. कल्पना, कलाकार, सेट यांत कुठेही गरिबी नाही. खोट पुढे सुरू होते.

‘टायटॅनिक’ची रिकामी खुर्ची

‘इव्हेंट होरायझन’ काढणाऱ्या पॅरामाउंट स्टुडिओचा १९९७ च्या उन्हाळ्यातला हुकमाचा एक्का होता ‘टायटॅनिक’. अमेरिकेतल्या हक्कांसाठी त्यांनी साडेसहा कोटी डॉलर घातले होते आणि तारीख होती २ जुलै. तो वेळेत होणार नाही याची चिन्हं दिसू लागली आणि शेवटी तो १९ डिसेंबरवर गेला. जूनअखेर ‘फेस/ऑफ’ लागणार होता, पण त्यानंतरच्या उन्हाळ्यात पॅरामाउंटच्या पानावर मोठी मोकळी जागा राहिली. मोठ्या स्टुडिओला ती परवडत नाही. थिएटरवाल्यांना तारखा दिलेल्या असतात, टीव्हीवर जाहिरातीचा वेळ घेतलेला असतो. भुसावळच्या भाषेत सांगायचं तर दिवाळीची थिएटरं बुक आहेत आणि पिक्चरची पेटी आलेली नाही.

ती जागा भरायला ‘इव्हेंट होरायझन’ निवडला गेला. शूटिंगनंतर दिग्दर्शकाला पहिला कट, म्हणजे पिक्चरची पहिली जोडलेली आवृत्ती, बांधायला अमेरिकेतल्या दिग्दर्शक-संघटनेच्या नियमाप्रमाणे साधारण दहा आठवडे मिळतात. इथे सहावर तडजोड झाली. मग शूटिंगच लांबलं, दुसऱ्या युनिटचं, म्हणजे जादा शॉट घेणाऱ्या वेगळ्या तुकडीचं, काम उरलं, आणि त्या सहांतलेही दोन आठवडे त्यात गेले. हातात राहिले चार.

जळगावच्या वाचकाला हे केळीवरून लगेच कळेल. घड पुरता भरला की काढायचा आणि रायपनिंग चेंबरमध्ये ठरलेल्या तापमानाला चार-पाच दिवस ठेवायचा, तर साल आणि गर बरोबर पिकतात. गाडी भरायची घाई म्हणून कोवळा घड काढून पावडरीवर पिकवला तर साल पिवळी होते, पण आत गर कच्चाच राहतो. बाजारात पहिल्या दिवशी माल जातो, दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक फिरकत नाही. ‘इव्हेंट होरायझन’ची साल फार सुंदर पिवळी होती.

चार आठवड्यांत काय होतं आणि काय राहतं

हा प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून सविस्तर.

शूटिंग चालू असतानाच संकलक रोजच्या रशेसमधून, म्हणजे त्या दिवशी शूट झालेल्या फिल्ममधून, कच्ची जोडणी करत असतो. पटकथेतलं सगळं, लिहिल्या क्रमाने. ती लांबच असते आणि कंटाळवाणीच असते, प्रत्येक पिक्चरची. दिग्दर्शकाचे दहा आठवडे त्यानंतर सुरू होतात. पहिले दोन-तीन आठवडे प्रत्येक प्रसंगाचे टेक नव्याने बघून प्रसंग बदलण्यात जातात. मग दोन आठवडे प्रसंगांची अदलाबदल : कुठला आधी, कुठला नंतर, कुठला नकोच. त्यानंतर तात्पुरतं संगीत आणि आवाज लावून विश्वासातल्या दहा-वीस जणांना दाखवायचं, ते कुठे चुळबुळतात ते बघायचं, आणि पुन्हा कापायचं. भयपटात ही तिसरी पायरी सर्वांत मोलाची असते. विनोद आणि भीती या दोन गोष्टी कागदावर मोजता येत नाहीत, समोर माणूस बसवूनच कळतात. एका सेकंदाच्या २४ फ्रेम. दार उघडण्याआधीची शांतता ३६ फ्रेमची असली तर अंगावर काटा येतो, ६० झाली तर लोक पॉपकॉर्नकडे वळतात. हे आकडे दर प्रसंगाला बदलतात आणि बघून-कापून-बघूनच सापडतात.

चार आठवड्यांत पहिली पायरी होते, दुसरी अर्धी होते, तिसरी होत नाही.

कट पक्का झाल्यावरही काम संपत नाही. संगीतकाराला पक्की लांबी लागते. पावलं, वारा, धातूची कुरकुर हे आवाज त्या कटावर बसवायचे, मग फायनल मिक्स, म्हणजे संवाद, संगीत आणि आवाज एकत्र जुळवणं. इफेक्टचे शॉट कटात किती फ्रेम राहणार हे ठरल्याशिवाय पूर्ण करता येत नाहीत, आणि आधी केले तर पैसे वाया. सुरुवातीला अवकाशस्थानकाच्या खिडकीतून कॅमेरा गोल फिरत मागे मागे जातो तो लांबलचक शॉट घ्या. इफेक्टच्या खर्चातला जवळजवळ एक तृतीयांश त्या एका शॉटवर गेला असं सांगितलं जातं. शॉट देखणा आहे, पण भीतीत त्याने भर काय पडली? शांतपणे बसून कापायला वेळ असता तर हा प्रश्न कुणीतरी वेळेवर विचारला असता.

त्यानंतर निगेटिव्ह कापणं, रंग जुळवणं, प्रिंटा काढणं. १९९७ ला सगळं फिल्मवर होतं. ३५ मिमीची एक मिनिट फिल्म म्हणजे ९० फूट. ९६ मिनिटांचा पिक्चर म्हणजे ८,६४० फूट. दोन हजार प्रिंटा धरल्या तर ५,२०० किलोमीटरहून जास्त फिल्म लॅबमधून धुऊन निघायची असते. त्याला काही आठवडे लागतातच. म्हणजे १५ ऑगस्टची तारीख असली तरी कापणाऱ्याची खरी तारीख जुलैतच संपलेली असते. आपल्याकडे नवा निर्माता पोस्टरवरची तारीख बघून दिवस मोजतो. मोजायचे ते त्या तारखेपासून उलटे.

बारा रिळांचा नऊ रिळांवर

पहिला कट १३० मिनिटांचा झाला. चाचणी प्रेक्षकांना दाखवला तेव्हा प्रतिक्रिया वाईट आली, नरकाच्या दृश्यांतला रक्तपात बघून लोक हादरले. स्टुडिओने लांबी आणि रक्तपात दोन्ही कमी करायला लावलं. शेवटी राहिले ९६ मिनिट.

आपल्या थिएटरात प्रोजेक्टर चालवणाऱ्या ऑपरेटरच्या मोजमापात हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांचं. १३० मिनिट म्हणजे बारा रिळं, ९६ म्हणजे नऊ. तीन रिळं गेली, पिक्चरचा चौथा हिस्सा. एवढं कापणं गैर नाही. चांगले संकलक कच्च्या जोडणीतून याहून जास्त काढतात. प्रश्न आहे कुठून काढलं, आणि किती घाईने.

घाईत कात्री दोन ठिकाणी चालते. एक, जिथे तक्रार आली तिथे. दुसरी, जिथे कापल्याने गोष्ट तुटत नाही तिथे, म्हणजे माणसांच्या साध्या बोलण्याचालण्यावर. वेअरला मोहिमेवर पाठवण्याआधीची अधिकाऱ्यांबरोबरची बैठक अशीच गेली. गोष्ट तुटली नाही, कारण पुढे यानात सगळी माहिती पुन्हा सांगितली जाते. पण वेअर हा माणूस आधीपासून किती पोखरलेला आहे, हे ठसायला जी जागा होती ती गेली. मग तो शेवटाकडे पालटतो तेव्हा प्रेक्षकाला ‘हो, हे होणारच होतं’ असं न वाटता ‘आता हा का बिघडला?’ असं वाटतं. भयपटात जो माणूस आपल्याला माहीत नाही त्याच्या मरण्याची भीती वाटत नाही, किळस येते फार तर.

रक्तपाताच्या कात्रीबद्दल मात्र आमचं मत, कापलेलं परत हवं म्हणणाऱ्या चाहत्यांहून वेगळं आहे. यानात सापडलेल्या चित्रफितीतला नरक अंतिम पिक्चरमध्ये मोजक्या फ्रेमांत झर्रकन येतो आणि जातो. नीट काही दिसत नाही, म्हणून तो डोक्यातून जात नाही. तिथे स्टुडिओने भीतीपोटी का होईना, बरोबर कापलं. चुकलं ते माणसं कापण्यात. रक्त कमी करा म्हणणारा आणि माणसं वाढवा म्हणणारा, दोघांचंही ऐकता येईल एवढा वेळ कॅलेंडरात नव्हता.

आणखी एक गोष्ट. कच्चा, लांबलेला, आवाज धड न बसलेला कट अनोळखी लोकांना दाखवला की त्यांचा कौल त्या कच्चेपणावर येतो. पण कागदावर तो ‘पिक्चर आवडला नाही’ असाच उतरतो, आणि वरच्या मंडळींचा धीर सुटतो. भयपटात निम्मी भीती आवाजाची. आवाज नसलेला भयपट म्हणजे फोडणी न घातलेली शेवभाजी. ती चाखायला देऊन मत विचारू नये.

दारावर एक पाटी, आत दुसरा माल

जाहिरातीत यान, नेपच्यून, हरवलेली मोहीम आणि दोन नावाजलेले नट. विज्ञानकथेचा प्रेक्षक त्यावर आला. आत त्याला अर्ध्या तासाने भुताटकी आणि फाडलेली माणसं भेटली. ज्याला तेच हवं होतं तो भयपटवाला पोस्टर बघून ‘हे अवकाशवाल्यांचं दिसतंय’ म्हणून बाहेरच थांबला. थिएटरातून निघणाऱ्यांना गुण विचारणाऱ्या सिनेमास्कोरच्या पाहणीत याला ‘डी प्लस’ मिळाला. तिथल्या मोजपट्टीवर हा फार खालचा गुण. समीक्षक रॉजर एबर्टनेही चारपैकी दोनच तारे दिले, पण समीक्षकाचा परिणाम मर्यादित असतो. खरा परिणाम बाहेर पडणाऱ्याचा. आपल्याकडे पहिला शो सुटला की दुसऱ्या शोच्या रांगेतून प्रश्न येतो, “पिक्चर कसा शे?” उत्तरात नुसती मान हलली तरी रांग पातळ होते. २.८ पट हा आकडा म्हणजे ती मान.

जाहिरातीला दोष देताना एवढं लक्षात ठेवावं की ट्रेलर कापणाऱ्यालाही पिक्चर पुरा दिसलेला नसतो. पिक्चरची ओळख संकलनाच्या टेबलावर ठरते, आणि तिथे ती ठरायला वेळच मिळाला नव्हता.

पंधरा ऑगस्ट, तिकडचा आणि इकडचा

आपल्याकडे १५ ऑगस्ट म्हटलं की मोठ्या पिक्चरांची मारामारी. अमेरिकेत ऑगस्टचा मधला आठवडा म्हणजे उन्हाळ्याची ओसरती. शाळा उघडायच्या, सुट्ट्या संपलेल्या, लोकांचे करमणुकीचे पैसे जून-जुलैत खर्च झालेले. त्याच दिवशी ‘कॉप लँड’ लागला आणि पहिला आला. ‘एअर फोर्स वन’ आणि ‘कॉन्स्पिरसी थिअरी’ अजून थिएटरांत बसलेले होते. पुढच्याच शुक्रवारी, २२ ऑगस्टला, ‘मिमिक’ हा दुसरा विज्ञान-भयपट आला. म्हणजे भीतीच्या हक्काच्या प्रेक्षकासमोर एकटं उभं राहायला मिळाले जेमतेम सात दिवस. जुलैची जागा भरायला घाई केली आणि माल पोचला ऑगस्टमध्ये. पिक्चर घाईनेही गेला आणि चांगल्या जागेवरही नाही.

खानदेशातही तारखेचं गणित सणांपेक्षा पिकावर चालतं. जून-जुलैत पैसा पेरणीत अडकलेला. श्रावणात कानबाई, शेवटी पोळा. गर्दी असते पण खिसा हलका असतो. कापसाचा पैसा दसरा-दिवाळीपासून हातात येतो, तेव्हा तिकीटखिडकी खरी हलते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, घरं भरतात, पण पारा ४५ च्या आसपास असतो आणि ज्या थिएटरात नुसते कूलर आहेत तिथे दुपारचे शो रिकामे. भयपटाला तर कूलरच्या घरघरीत हळू आवाजाचे प्रसंग ऐकूच येत नाहीत. मिक्स करताना हेडफोनवर छान वाटलेली कुजबुज तिथे मरते. म्हणून फायनल मिक्स एकदा तरी ज्या थिएटरात लावायचा तिथेच, पंखे-कूलर चालू ठेवून ऐकावा.

पिक्चरचा स्वतःचा वाटा

वेळ मिळाला असता तर सगळं सावरलं असतं असं नाही. पटकथेत उत्तरार्धाला नियम नाहीत. यान माणसांना त्यांच्या मनातले अपराध दाखवतं, हे पहिल्या तासात नीट चालतं. पुढे ते दारंही बंद करतं, माणसंही उचलतं, पाहिजे ते करतं. मग प्रेक्षक अंदाज बांधणं सोडतो. खविसालाही वेस असते, मुंजाला पिंपळ असतो. भुताला मर्यादा असली की भीती वाढते, हे आपल्या आज्यांना पटकथेचा वर्ग न लावता माहीत होतं. ही खोट कागदावरची आहे आणि दहा आठवड्यांनीही ती पूर्ण भरली नसती. पण लावलेल्या रुपयाचे आठ आणे परत येणं आणि चारच आणे परत येणं यांत फरक असतो.

इकडच्या कामाला लावायचं झालं तर

समजा ९० मिनिटांची अहिराणी भुताची फिल्म आहे. दहास एक प्रमाणात शूट केलं तर १५ तासांचं फुटेज होतं. नुसतं एकदा नीट बघायला आणि निवडक टेकवर खुणा करायला तीन-चार दिवस. एकटा संकलक दिवसाला तयार लांबीची साधारण तीन-चार मिनिटं जोडतो. म्हणजे पहिल्या जोडणीलाच २५ ते ३० दिवस. चार आठवडे इथेच संपले. इकडे शूटिंगबरोबर जोडणी करणारा वेगळा माणूस बहुधा नसतो, कॅमेरावालाच रात्री संकलक होतो, म्हणून हे दिवस वाचत नाहीत.

त्यानंतर फिल्म आठवडाभर बंद ठेवायची. बघायचीच नाही. मग दोन आठवडे पुन्हा कापणं, तात्पुरत्या आवाजासह दहा जणांना दाखवणं. त्यात निम्मे तरी ओळखीबाहेरचे हवेत, आणि पडद्याकडे पाठ करून त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं. पुन्हा एक आठवडा कापणं. इथे पिक्चर लॉक, म्हणजे यापुढे कट बदलायचा नाही. त्यानंतर आवाज, संगीत, रंग मिळून तीन आठवडे. सेन्सॉरला अर्ज, मध्ये एखादा कट सुचवला तर तो करून पुन्हा पाठवणं, यासाठी दीड-दोन महिने वेगळे ठेवावेत. थिएटरवाल्याशी तारीख बोलायची ती लॉक झाल्यावर, मुहूर्ताच्या नारळावर नव्हे. फिक्स हायरवर थिएटर घेणार असाल तर हे आणखी महत्त्वाचं. त्यात भाडं आधी ठरलेलं असतं, खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी ते द्यावंच लागतं, आणि तारीख पुढे ढकलली तर दिलेला अ‍ॅडव्हान्स बुडतो. मग अर्धा कच्चा पिक्चर लावण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पॅरामाउंटचं झालं ते हेच.

मध्यंतराचाही विचार लॉकच्या आधी हवा. परदेशी पिक्चरला मध्यंतर नसतो, आपल्या थिएटरात तो पाडला जातो, आणि ऑपरेटर तो रीळ संपेल तिथे पाडायचा. चढत आलेली भीती चहा-समोशात विरून जायची. स्वतःच्या फिल्ममध्ये ती जागा स्वतः ठरवा : ४५ ते ५० मिनिटांदरम्यान, प्रश्न पडेल तिथे, उत्तर मिळेल तिथे नको.

मिठाची खाण

भुसावळच्या भाषेत नसलेला तिसरा प्रकार, ‘पडला पण उठला’, याला लागू पडला. व्हिडिओ आणि डीव्हीडीवर ‘इव्हेंट होरायझन’ वर्षानुवर्षं खपत राहिला. घरी बघणाऱ्याला पोस्टरचा घोळ नव्हता. कुणीतरी ‘भुताचा आहे, एकटा बघू नको’ असं सांगूनच हातात दिलेला असायचा, म्हणजे जी ओळख स्टुडिओला करून देता आली नाही ती लोकांनी करून दिली. मागणी एवढी वाढली की पॅरामाउंटने अँडरसनला विचारलं : ते कापलेलं परत जोडून मोठी आवृत्ती काढता येईल का?

शोध घेतला तर कापलेलं फुटेज जपलेलंच नव्हतं. अमेरिकेत डीव्हीडी बाजारात आली तीच १९९७ च्या मार्चमध्ये. कापलेले प्रसंग पुढे विकता येतील ही कल्पना तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हती. काही भाग ट्रान्सिल्व्हेनियातल्या एका मिठाच्या खाणीत ठेवलेला सापडला, पण तो इतका खराब झालेला होता की वापरता आला नाही. २००६ च्या विशेष डीव्हीडीत थोडे तुकडे आले, मोठी आवृत्ती आली नाही.

खानदेशातल्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात कपाटात ठेवलेली हार्ड डिस्क त्या खाणीपेक्षा बऱ्या जागी आहे असं समजू नये. मूळ फुटेजच्या तीन प्रती : दोन वेगवेगळ्या डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी, आणि तिसरी ऑनलाइन. सहा महिन्यांतून एकदा प्रत्येक डिस्क लावून दोन-चार फाइली उघडून बघायच्या. आणि लॉक झाल्यावर कार्ड रिकामी करायची घाई झाली, पुढच्या लग्नाची ऑर्डर आली, तरी कापलेले टेक पुसायचे नाहीत. नवं कार्ड घ्यायचं.